राजवाड्यातला चितारखाना : सावंतवाडी लॅकरवेअर्सची वाटचाल

१९७०च्या सुमारास सावंतवाडीत गंजिफाचे गोल पत्ते रंगवणारे जुन्या पिढीतले एकच कलावंत उरले होते. पुंडलिक चितारी त्यांचे नाव. वय झाले होते आणि हाताखाली शिकणारे कोणी नव्हते. गिऱ्हाईकच नाही, तर पोरगा ही कला शिकून करणार काय, असा रोकडा प्रश्न चिताऱ्यांच्या, म्हणजे रंगकाम करणाऱ्या कारागिरांच्या, घराघरांत होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. अशा वेळी सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी जे केले, त्यामुळे ही वाटचाल लिहावीशी वाटते. पुंडलिक चिताऱ्यांकडून पत्त्यांचे चार जोड विकत घेऊन काचेच्या कपाटात मांडून ठेवता आले असते. बहुतेक संस्थानिकांनी तेवढेच केले असते. या दोघांनी म्हाताऱ्या कारागिराकडून स्वतः कला शिकून घेतली, गावातली तरुण मंडळी गोळा केली, त्यांना शिकवले, आणि १९७१ मध्ये राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ ही संस्था उभी केली.

गुंजी, लोंढा, खानापूर या बेळगावकडच्या आमच्या पट्ट्यातल्या माणसाने सावंतवाडीबद्दल लिहावे याला कारण आहे. वाडी आम्हाला परकी नाही. बेळगावहून आंबोलीचा घाट उतरला की दाणोली आणि मग वाडी. एकेकाळी वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेने बैलगाड्यांवर बेळगावच्या छावणीपर्यंत चढत असे आणि वाडी त्या वाटेवरचे मोठे ठाणे होते. पुढे १८८८च्या सुमारास मुरगावहून कॅसलरॉक, लोंढामार्गे रेल्वे वर आली. आमच्या गुंजीला स्टेशन मिळाले, पण वेंगुर्ला-बेळगाव रस्त्यावरची वर्दळ ओसरली आणि तिच्याबरोबर वाडीच्या बाजारपेठेचाही जोर कमी झाला. आपल्या गावाला जे मिळाले ते शेजारच्या गावाचे गेले, हे आमच्या भागात फारसे कोणी बोलत नाही. वाडीच्या कारागिरांबद्दल लिहिताना ते सांगायला हवे असे मला वाटते.

वाडीची लाकडी खेळणी मात्र सीमाभागात घरोघर पोचली. भातुकलीची चूल, जाते, पाट, रंगीत लाकडी आंबे, केळी, वांगी, पाळण्यावर टांगायची चिमणी-पोपट, हे सगळे चितारआळीतून येई. लाकूड पांगाऱ्याचे, आंब्याचे, शिवणीचे. कातयंत्रावर फिरत्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाला चढते, मग घोटून तिला झळाळी आणायची, ही लाखकामाची जुनी रीत. आपल्याच जिल्ह्यातल्या गोकाकला आणि पलीकडे कोप्पळजवळच्या किन्नाळला खेळण्यांची अशीच परंपरा आहे. चितारी म्हणजे नुसता रंगारी नव्हे. तो देव्हारे रंगवतो, गणपती घडवतो, पालखी सजवतो, लग्नाचे पाट काढतो. वाडीत गव्याच्या शिंगाचे कोरीवकाम आणि वाळ्याचे नक्षीदार पंखे यांचीही ख्याती होती. या सगळ्या कामांत गंजिफा सर्वांत नाजूक, सर्वांत वेळखाऊ, आणि म्हणून सर्वांत आधी बुडणारी.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले, गोल आकाराचे पत्ते. हा खेळ इराणातून आला, असे मानतात. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे आणि अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या, १४४ पानांच्या गंजिफाचे वर्णन अबुल फजलने करून ठेवले आहे. पुढे रूढ झालेल्या मुघल गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने असतात. बादशहा-अमिरांसाठी पाने हस्तिदंताची, कासवाच्या पाठीची आणि शिंपल्याच्या मोतीदार थराचीही होत. सामान्यांची पाने कापडाची किंवा कागदाची.

हिंदुस्थानात आल्यावर या खेळाने आपले सोंग बदलले. दशावतारी गंजिफात दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने, एकूण १२०. प्रत्येक रंगाचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. राजाच्या पानावर तो अवतार स्वतः. आकड्यांच्या पानांवर त्याची खूण तितक्या वेळा: मत्स्यासाठी मासा, कूर्मासाठी कासव, वामनासाठी कमंडलू, परशुरामासाठी परशू. नवव्या अवताराच्या जागी बुद्ध कुठे, जगन्नाथ कुठे, तर आपल्याकडच्या काही जोडांत चक्क विठ्ठल. ज्या सिंधुदुर्गात दशावतारी नाटकाशिवाय जत्रेची रात्र सरत नाही, तिथे हे पत्ते लोकांना किती जवळचे वाटले असतील याची कल्पना करता येते. रात्री रंगमंचावर पाहिलेला विष्णू सकाळी हातातल्या पानावर.

खेळ तिघांचा. प्रत्येकाला चाळीस पाने. पाने गोल असल्याने हातात धरून पिसता येत नाहीत, म्हणून चादरीवर पालथी टाकून दोन्ही हातांनी कालवायची. दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा, त्याची पहिली उतारी, रात्री असेल तर कृष्णाच्या राजाची. हुकूम नाही. ज्या रंगाचे पान पडले, त्या रंगातले वरचे पान हात जिंकते. सर्वांत मौजेची बाब अशी की पाच रंगांत दश्शी वरचढ असते आणि एक्का सर्वांत खाली, तर उरलेल्या पाच रंगांत एक्का वरचढ आणि दश्शी तळाला. शंभरावर पाने खाली पडत असताना कोणते गेले आणि कोणते राहिले हे डोक्यात ठेवायचे म्हणजे स्मरणशक्तीची कसोटी लागते. जुनी माणसे हा खेळ मुलांना मुद्दाम शिकवीत ती यासाठीच. अवतारांची नावे, क्रम, आयुधे पाठ होतात ती वेगळीच.

वाडीत हा खेळ कसा रुजला, याची कथा अशी सांगतात की तिसरे खेम सावंत (१७५५ ते १८०३) यांच्या काळात तेलंगणातले विद्वान ब्राह्मण दरबारात आले, त्यांच्याकडे गंजिफा होती आणि ती पाहून इथल्या चिताऱ्यांनी तशी बनवायला घेतली. हे खेम सावंत कलेचे मोठे आश्रयदाते. आजचा राजवाडाही त्यांच्याच काळातला. पेशवाईत तर गंजिफा पुण्यातही आवडीचा खेळ होता. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने जोड पाहायला मिळतात.

बनवण्याची रीत सोपी वाटते, पण अंगवळणी पडायला वर्षे लागतात. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे. खळ पातळ झाली तर थर सुटतात, जाड झाली तर गुठळ्या येतात. वाळले की पांढरा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचे, गोल कापायचे, दोन्ही बाजूंना रंगाचे आणि लाखेचे हात द्यायचे. त्यानंतर खारीच्या केसांच्या कुंचल्याने चित्र. पाठची बाजू एकाच रंगाची, निर्दोष हवी, कारण पाठीवर एक डाग राहिला तरी पान ओळखू येते आणि खेळ बिघडतो. १२० पाने अशी सारखी करायची. श्रीमंतांसाठीच्या ‘दरबारी’ पानांना कडेने नक्षीदार किनार आणि राजाच्या पानावर सोनेरी काम. ‘बाजारी’ पाने साधी, ठसठशीत, चार रेघांत मासा आणि तीन रेघांत कासव. मला विचाराल तर बाजारी पानांतली चित्रकला जास्त जिवंत आहे. तिथे चिताऱ्याला नटवायला वेळ नव्हता, म्हणून त्याची रेघ बेधडक आहे.

इथे बंगालची आठवण काढल्यावाचून पुढे जाता येत नाही. पश्चिम बंगालमध्ये बाँकुडा जिल्ह्यात बिष्णुपूर नावाचे गाव आहे, मल्ल राजांच्या भाजक्या मातीच्या देवळांसाठी प्रसिद्ध. तिथे फौजदार घराणे पिढ्यान्‌पिढ्या दशावतारी ‘ताश’ रंगवत आले आहे. तेही गोल, तेही १२० पानांचे, तेही कापडाच्या थरांवर चिंचोक्याची खळ देऊन. मल्ल राजा वीर हम्बीराच्या काळात हा खेळ तिथे सुरू झाला असे मानतात. त्याच बिष्णुपुरात शंखारी राहतात, शंख कापून बंगाली सवाष्णींच्या हातातल्या बांगड्या करणारे. त्यांचा शंख येतो पार दक्षिणेतून, मन्नारच्या आखातातून, आणि कापायची पारंपरिक करवत अर्धचंद्राच्या आकाराची, दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढायची. शंख असो, शिंपला असो, त्यावर काम करणाऱ्या बंगाली कारागिराचे जगणे कष्टाचे: फुफ्फुसात पांढरी भुकटी, बोटांना जखमा आणि मालाचा भाव ठरवणारा भलताच कोणी. इकडे गोव्यातही जुन्या घरांना आणि चर्चना तावदाने म्हणून पातळ अर्धपारदर्शक शिंपले बसवीत. ते घासून, कापून, चौकटीत बसवणारे हातही आता फारसे राहिले नाहीत. वाडीतला चितारी, बिष्णुपूरचा फौजदार आणि शंखारी, गोव्यातला शिंपले बसवणारा, या सगळ्यांची गत एकच झाली. यंत्राने तयार होणारी वस्तू स्वस्त आली आणि त्यांचा बाजार उठला. गंजिफाच्या बाबतीत ती वस्तू म्हणजे युरोपात, विशेषतः बेल्जियमच्या टर्नहाउटमध्ये छापले जाणारे बावन्न पत्ते. एका गंजिफाच्या किमतीत त्यांचे ढीगभर कॅट यायचे. मग चितारी लाकडी खेळण्यांकडे, गणपतीकडे, मिळेल त्या कामाकडे वळले.

आता लॅकरवेअर्सकडे. शिवरामराजे लहान वयात, १९३७ मध्ये गादीवर आले. त्यांचे वडील बापूसाहेब महाराज प्रजेचे लाडके होते आणि त्यांच्या कारभाराला महात्मा गांधींनीही वाखाणले होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. राज्य गेले तरी शिवरामराजांनी वाडी सोडली नाही. ते निवडणुकीतून अनेकदा आमदार झाले, महाविद्यालय उभे करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्यांच्याभोवती मोठे वलय होते, पण गंजिफाच्या कामात त्यांनी जे केले ते वलयाने होत नाही. त्यासाठी जमिनीवर मांडी घालून बसावे लागते. राणीसाहेबांनी ते अधिक चिकाटीने केले. त्यांनी स्वतः कुंचला धरला, नमुने जमवले, जुन्या जोडांची चित्रे तपासली, कारागिरांच्या कामावर रोज नजर ठेवली.

राजवाड्याचा दरबार हॉल हाच कारखाना झाला. एके काळी जिथे मानकरी बसत, तिथे आता चटईवर बसून मुले-मुली रंगकाम करू लागली. बाहेरून येणाऱ्या माणसाला पाने रंगताना समोर पाहता येत. हे धोरण फार दूरदृष्टीचे होते असे माझे मत आहे. वस्तू दुकानात पाहिली की माणूस किंमत विचारतो, बनताना पाहिली की किंमत कळते.

दुसरे धोरण बाजाराचे. फक्त गंजिफा विकून संस्था चालणार नाही, हे पहिल्या काही वर्षांतच स्पष्ट झाले असणार. म्हणून गंजिफातली चित्रे पानांवरून उतरून लाकडी वस्तूंवर गेली. चौरंग, मेणबत्तीचे स्टँड, दागिन्यांच्या पेट्या, ट्रे, खुर्च्या, टेबले यांवर मत्स्यापासून कल्कीपर्यंत सारे अवतार येऊन बसले. त्यामुळे चितारी आणि सुतार यांना वर्षभर काम मिळाले. याला नाके मुरडणारे कलाप्रेमी मी पाहिले आहेत. ‘कला टेबलावर आणली,’ असे ते म्हणतात. पण चिताऱ्याचे हात चालू राहिले ते टेबलामुळे, आणि हात चालू राहिले म्हणून पाने रंगवता येतात. चूल पेटती राहिली नाही तर कलेचे काय घेऊन बसायचे?

जगात गंजिफाची ओळख करून देण्याचे काम ज्यांनी केले त्यांत रुडी व्हॉन लायडन यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे. ते मूळचे जर्मन, मुंबईत स्थायिक झालेले कलासमीक्षक. हुसेन, रझा, आरा यांच्या पिढीला त्यांनी आधार दिला हे सर्वांना माहीत आहे. पण त्यांनी भारतभर फिरून गंजिफाचा संग्रह केला आणि त्यावर ग्रंथ लिहिले, हे मराठीत कमी सांगितले जाते. अशा संग्राहकांमुळे वाडीच्या कामाकडे परदेशी संग्रहालयांचे लक्ष गेले. मात्र संग्राहक जुने जोड मागतो. नवा चितारी जगवायचे काम वाडीतच करावे लागते, आणि ते लॅकरवेअर्सने केले.

१९९५ मध्ये शिवरामराजे गेले. पुढची दोन दशके आणि अधिक काळ सत्त्वशीलादेवींनी संस्था सांभाळली. त्या काळात कोकण रेल्वे आली, १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला आणि सावंतवाडी रोड स्टेशनमुळे गोव्याला जाणारे-येणारे पर्यटक वाडीत उतरू लागले. राजवाडा, समोरचा १८७४ मध्ये बांधलेला मोती तलाव आणि दरबार हॉलमधले चितारी, असा त्यांचा फेरफटका ठरून गेला. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या. संस्थेची जबाबदारी पुढच्या पिढीकडे आली. युवराज लखमराजे आणि श्रद्धाराजे भोसले यांनी गंजिफाच्या कार्यशाळा घेतल्या, नव्या मुलांना शिकवायला सुरुवात केली आणि राजवाड्याच्या एका भागात गंजिफाच्या विषयावर सजवलेले छोटे हॉटेल सुरू केले. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळाले. आता दुसरीकडे छापलेल्या पानांना ‘सावंतवाडी गंजिफा’ म्हणून विकता येत नाही.

मानांकनाचा आनंद आहेच, पण त्यावर सगळे विसंबून राहू नये. आपल्या कर्नाटकातल्या म्हैसूरच्या गंजिफाला हे मानांकन वाडीच्या कितीतरी आधी मिळाले. मुम्मडी कृष्णराज वडियार हे १९व्या शतकातले म्हैसूरचे महाराज इतके हौशी की त्यांनी अठरा रंगांचे, ३६० पानांचे खेळ रचले. श्रीरंगपट्टणचे रघुपती भट्ट यांनी त्या परंपरेला नव्याने उभे केले. तरी म्हैसूरमध्ये आज किती घरांत गंजिफा खेळली जाते? वाडीत तरी किती? मानांकन नावाचे रक्षण करते. खेळाचे रक्षण खेळणारा करतो.

आणि इथेच मला या वाटचालीतली एक उणीव दिसते. ती संस्थेची नव्हे, आपल्या सर्वांची आहे. लॅकरवेअर्सने चित्र वाचवले. चिताऱ्याचा हात वाचवला. खेळ मात्र अजून वाचायचा आहे. आज विकल्या जाणाऱ्या जोडांपैकी बहुतेक भिंतीवर फ्रेममध्ये जातात किंवा भेट म्हणून कपाटात. जो चितारी पाठीवरचा एक डाग राहू नये म्हणून तास घालवतो, त्याच्या त्या मेहनतीचा उपयोग फ्रेममध्ये काहीच नाही, कारण फ्रेममध्ये पाठ कोणी पाहत नाही. डाग असला तरी चालेल असे एकदा गिऱ्हाइकाला वाटू लागले की कामाची प्रत उतरते, आणि उतरलेली प्रत पुन्हा वर चढवणे फार अवघड असते. म्हणून खेळणाऱ्यांची गरज आहे, पान हातात घेऊन त्याची पाठ तपासणाऱ्यांची.

आपल्या वाचनालयांत, शाळांत, गणेशोत्सवाच्या मंडळांत बुद्धिबळ-कॅरमच्या स्पर्धा होतात. तिथे गंजिफा का नसावी? तीन माणसे, एक चादर आणि १२० पाने, एवढेच साहित्य लागते. नियम एका संध्याकाळी कळतात. खेळ यायला थोडे दिवस लागतात, पण मुलांना लागलीच आवडतो, कारण त्यात देव आहेत, मासे आहेत, कासवे आहेत आणि मोठ्यांना हरवायची संधी आहे.

सीमाभागातल्या मराठी मंडळांनी यंदा एवढे करावे. वाडीला जाऊन राजवाड्यात चिताऱ्यांच्या समोर बसावे, काम पाहावे, एक बाजारी जोड योग्य किंमत देऊन विकत घ्यावा, आणि आपल्या वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ त्याच्यासाठी राखून ठेवावी. भाव करू नये.